पोकळीचा हिशेब आणि मोकळी विद्या



वसंत व्याख्यानमालेत शास्त्रावर बोलणाऱ्या माणसाला बोलावणे हे चालकांच्या दृष्टीने थोडे धाडसाचेच काम असते. संतांवर किंवा शिवकालावर व्याख्यान असले की सभागृहात पाय ठेवायला जागा उरत नाही. शास्त्रावर असले की मागच्या रांगा मोकळ्या राहतात. आज माझा विषयच 'पोकळी' हा असल्यामुळे काही खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तरी त्या विषयाला धरूनच आहेत असे मी समजेन.

पोकळी म्हणजे काहीच नसणे. मग जेथे काहीच नाही, तेथे हिशेब कसला करायचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ही 'काही नाही' नावाची वस्तू मिळविणे फार कष्टाचे असते, हे आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला एका परीने ठाऊक आहे. विहिरीचे पाणी खाली गेले की काठावरचे इंजिन पाणी ओढीनासे होते आणि ते विहिरीत खाली उतरवून बसवावे लागते. पंप कितीही दणकट असो, वर बसून तो सुमारे दहा मीटरांपलीकडचे पाणी ओढू शकत नाही. कारण पाणी मुळात पंप ओढीतच नाही. पंप नळीतील हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला दाबून वर चढविते. इटलीतील टॉरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हे उलगडून दाखविले. पुढे जर्मनीतील ओटो फॉन गेरिक ह्याने १६५७ मध्ये धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांतील हवा काढली आणि सोळा घोडे जुंपूनही ते सुटता सुटेनात, असा प्रयोग लोकांसमोर केला. तेव्हापासून माणूस अधिकाधिक चांगल्या पोकळीच्या मागे लागला आहे.

आता ही 'चांगली पोकळी' म्हणजे काय? ह्या सभागृहातील हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत, रेणूंची संख्या पंचवीसवर अठरा शून्ये इतकी आहे. एवढ्या गर्दीत एका रेणूला दुसऱ्याशी टक्कर न होता मिलिमीटरचा दहाहजारावा भागसुद्धा धड सरळ जाता येत नाही. बैलपोळ्याच्या दिवशी बाजारात जशी आपली गत, तशी त्याची. जसजशी हवा काढावी तसतशी गर्दी ओसरते आणि रेणूची मोकळी धाव वाढते. दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागावर आणला, तर ती धाव पन्नास किलोमीटरांहून अधिक होते. आणि एवढे करूनही त्या पेराएवढ्या जागेत सुमारे अडीच कोटी रेणू उरलेलेच असतात! निखळ पोकळी अशी कोणाच्याच हाती लागलेली नाही. आहे ती कमी-अधिक विरळ हवाच.

एवढी विरळ हवा कोणाला हवी असते, असे विचाराल तर उत्तर फार दूर नाही. पुसद-उमरखेडच्या बाजूने पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. तेथील औंढा नागनाथ आपणांस ज्योतिर्लिंगामुळे ठाऊक आहे. त्याच औंढ्याच्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पूर्ण मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपयांचा आहे. पुण्याची 'आयुका', इंदूर येथील राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची बांधकाम शाखा अशा संस्था तिच्यामागे आहेत. दुर्बिणीसारखी ही वेधशाळा आकाशाकडे डोळा लावून बसणारी नव्हे. काटकोनात जोडलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्या भुजांतून धावणारा लेसर प्रकाश आणि टोकांना टांगलेले आरसे, अशी तिची रचना असते. दूर कोठे दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की अवकाशच किंचित ताणले व आकसले जाते. अमेरिकेतील अशा जोडवेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. तेव्हा चार किलोमीटरांच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास होता.

एवढ्या सूक्ष्म मोजणीत प्रकाशाच्या वाटेवरून हवेचे रेणू ये-जा करू लागले, तर त्यांचीच चाहूल लहरीपेक्षा मोठी ठरेल. म्हणून भुजा म्हणजे पोलादी नळ्याच असतात. अमेरिकेत त्यांचा व्यास सुमारे १.२ मीटर आहे आणि एकेका वेधशाळेतील पोकळीचे आकारमान सुमारे १०,००० घनमीटर. त्यांपैकी एकीतील हवा काढण्यास सुमारे चाळीस दिवस लागले. त्यासाठी नळ्या १५० अंशांहून अधिक तापवून महिनाभर भाजाव्या लागल्या. कारण खरा शत्रू आतली हवा नव्हे. ती पंप काढून टाकतो. भिंतीला चिकटलेली पाण्याची वाफ आणि पोलादाच्या अंगातच मुरलेला हायड्रोजन हे वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडत राहतात. जुन्या मातीच्या भिंतीत मुरलेली ओल जशी रंग दिल्यावरही फुटून वर येते, तसेच हे.

आता इंजिनियरासमोरचा प्रश्न पाहा. पंप किती बसवावेत? कोठे बसवावेत? नळी आणि पंप यांच्यामधला सांधा किती रुंद ठेवावा? चार किलोमीटर नळी आधी बांधून मग चूक कळली, तर ती तोडता येत नाही. हिशेब आधीच व्हावा लागतो, आणि आजच्या व्याख्यानाचा विषय तो हिशेबच आहे.

ह्या हिशेबाची मौज अशी की, येथे रेणू एकमेकांना भेटतच नाहीत. पन्नास किलोमीटरांची मोकळी धाव आणि नळीचा व्यास सव्वा मीटर. तेव्हा प्रत्येक रेणू फक्त भिंतीवर आदळतो. कॅरमच्या सोंगटीची आठवण येईल. पण एक फरक आहे. सोंगटी ज्या कोनात काठावर आदळते त्याच कोनात परतते. रेणू मात्र भिंतीवर क्षणभर विसावतो आणि आपण कोठून आलो हे विसरून भलत्याच दिशेला निघतो. ही दिशा कोणती, हे आधी सांगता येत नाही. पण कोणत्या दिशेची शक्यता किती, ह्याचा नियम आहे. भिंतीला काटकोनात निघण्याची शक्यता सर्वांत जास्त, भिंतीला घासून निघण्याची सर्वांत कमी. डेन्मार्कच्या क्नुडसेन ह्याने गेल्या शतकाच्या आरंभी हा 'कोसाइन नियम' मांडला.

मग एकेका रेणूची कहाणी आपणच का लिहू नये? एक रेणू नळीच्या तोंडाशी सोडावा, नियमानुसार फासा टाकून दिशा ठरवावी, तो भिंतीवर कोठे आदळतो ते भूमितीने काढावे, पुन्हा फासा, पुन्हा दिशा. शेवटी तो पलीकडून बाहेर पडला की अलीकडून परतला, एवढे टिपून ठेवावे. असे हजारो, लाखो रेणू सोडले की सरासरी हाती येते. ह्या फाशांच्या गणिताला 'माँटे कार्लो पद्धत' म्हणतात. जुगाराच्या अड्ड्यावरून पडलेले हे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उलाम, फॉन नॉयमन, मेट्रोपोलिस ह्या मंडळींनी ती घडविली आणि १९६० साली डेव्हिस ह्याने ती निर्वात नळ्यांना लावून दाखविली. त्याच्याही आधी, १९३२ मध्ये, क्लाउसिंग ह्याने निव्वळ कागदावरच्या गणिताने सरळ नळीची उत्तरे काढली होती. नळी व्यासाइतकीच लांब असेल, तर एका तोंडातून शिरलेल्या १०० रेणूंपैकी सुमारे ५१ पलीकडे पोचतात. ती व्यासाच्या दहापट लांब असेल, तर केवळ ११.

आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवितो. तिथल्या चार विद्यार्थ्यांना मी म्हटले, हा ५१ चा आकडा तुम्ही स्वतः काढून दाखवा. प्रोग्रॅम पान-दीड पानाचाच होता. पहिल्या वेळी उत्तर जुळेना. पोरांना वाटले, क्लाउसिंगच चुकला! दोन दिवसांनी कळले की त्यांनी सर्व दिशांना सारखीच शक्यता दिली होती. नियम दुरुस्त केल्यावर १०० रेणू सोडून पाहिले, तर एकदा ४७, एकदा ५५. मग १०,००० सोडले, तेव्हा एक्कावन्नशेच्या आसपास येऊ लागले. फाशांच्या गणिताचा हा एक कडक कायदा आहे: चूक दहापट कमी करायची असेल, तर शंभरपट रेणू सोडावे लागतात. येथे अचूकता फुकट मिळत नाही. वेळ देऊन ती विकत घ्यावी लागते.

आणि मग जे घडले, त्यासाठीच ही गोष्ट मी आपणांस सांगत आहे. हा प्रोग्रॅम त्यांनी प्रयोगशाळेतील लिनक्सच्या संगणकावर लिहिला होता. त्यांपैकी एकीने तो घरच्या विंडोजच्या संगणकावर चालविला आणि दुसऱ्या दिवशी घाबऱ्याघाबऱ्या आली. "सर, माझ्याकडे शंभरच्या शंभर रेणू पार जातात!" गणित तेच, अक्षर न् अक्षर तेच, आणि उत्तर असे! शोध घेतला तेव्हा दोष सापडला. फासा टाकण्याची जी साधी सोय सी ह्या भाषेबरोबर मिळते, ती लिनक्सवर शून्यापासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचा आकडा देते, तर विंडोजच्या नेहमीच्या साधनांत तो ३२,७६७ च्या पुढे जात नाही. पोरांनी पहिला मोठा आकडा गृहीत धरून त्यानेच भागाकार केला होता. त्यामुळे विंडोजवर प्रत्येक फासा जवळजवळ शून्य पडे, आणि प्रत्येक रेणू नळीच्या मध्यावरून नाकासमोर सरळ चालता होई!

श्रोतेहो, शंभरपैकी शंभर आले म्हणून चूक पकडली गेली. साठ आले असते तर? कोणी शंका घेतली असती का? आणि प्रोग्रॅम बंद पेटीत असता, आतले कोणाला दिसत नसते, तर शंका येऊनही काय उपयोग होता?

ही झाली पोरांची पाटी. आता ह्याच मार्गाने निघून मोठ्या यंत्रांचे हिशेब करणारी प्रणाली पाहू. तिचे नाव मॉलफ्लो. रोबेर्तो केर्सेवान ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास ती लिहावयास घेतली. पुढे जाँ-ल्यूक पॉन्स ह्यांच्यासह तिला नवे रूप दिले आणि २००९ साली त्या नव्या रूपाविषयी दोघांनी निबंध प्रसिद्ध केला. नंतर जिनीव्याच्या सर्न ह्या संस्थेत मार्टन अडी ह्यांनी तिच्यावर पुष्कळ काम केले. ज्या सर्नमध्ये २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात प्रोटॉन धावतात, तेथे पोकळीच्या हिशेबाची गरज किती असेल हे सांगायला नको. यंत्राचा आकार लहान-लहान सपाट तुकड्यांत मांडायचा. प्रत्येक तुकड्यातून किती वायू झिरपतो, रेणू त्याला चिकटून राहण्याची शक्यता किती, तापमान किती, हे भरायचे. पंप म्हणजे तरी काय? जेथे आलेला रेणू काही शक्यतेने परतत नाही, असा एक तुकडा. मग रेणू सोडायचे आणि पडद्यावर दाब कोठे किती ते पाहायचे.

ही प्रणाली आज मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिची मूळ लिखावट कोणालाही वाचता येते, वापरता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. अट एवढीच की, बदललेली प्रणाली पुढे वाटायची, तर तिची लिखावटही त्याच मोकळेपणाने वाटायची. विंडोज, लिनक्स आणि मॅक ह्या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर ती चालते.

'तिन्हींवर चालते' हे म्हणायला सोपे आहे. त्यातले कष्ट आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे कापसाचे बियाणे दरवर्षी पाकिटातून विकत आणावे लागते; राखून ठेवलेल्या सरकीचे ते पीक पुढच्या साली येत नाही. त्या बियाण्याला मी नावे ठेवीत नाही; त्याचा गुण असेल म्हणूनच शेतकरी ते घेतो. पण कणगीत राखलेल्या घरच्या ज्वारीच्या बियाण्याची गोष्ट वेगळी असते. ते पेरता येते, निवडून सुधारता येते, शेजाऱ्याला पायलीभर देता येते. बंद प्रोग्रॅम हे पाकिटातले बियाणे, मुक्तस्रोत हे कणगीतले. मात्र घरचे बियाणे आहे म्हणून ते आपोआप उगवत नाही. काळ्या कसदार जमिनीची मशागत वेगळी आणि मुरमाड बरडाची वेगळी. विंडोज, लिनक्स, मॅक ह्या तीन जातींच्या जमिनी आहेत. एकीवर फाइलच्या नावातले मोठे आणि छोटे रोमन अक्षर एकच समजले जाते, दुसरीवर ती दोन निराळी नावे ठरतात. एकीवर फाइलचा पत्ता लिहिताना तिरपी रेघ डावीकडे झुकते, दुसरीवर उजवीकडे. चित्र काढण्याची साधने निराळी, आणि माणसाची लिखावट यंत्राच्या भाषेत उतरविणारे कंपाइलरही निराळे. म्हणून एकच सूचनापत्र लिहून प्रत्येक जमिनीची मशागत त्या-त्या पद्धतीने करून घेणारे सीमेकसारखे साधन वापरावे लागते. त्यातही एखादे जोडसाहित्य सापडत नाही, एखादी जुनी आवृत्ती आड येते, आणि माणूस चार रात्री डोके धरून बसतो.

आम्हीही बसलो. जुन्या संगणकावर चित्र दाखविण्याची सोय धड चालेना. तेव्हा चित्रे न काढता नुसत्या लेखी आज्ञांवर चालणारी जी आवृत्ती आहे तिचा आधार घेतला आणि हिशेब रात्रभर चालू ठेवला. प्रथम तीच व्यासाइतक्या लांबीची साधी नळी दिली. सकाळी उत्तर पाहिले: ५१! चौघांच्याही चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो परीक्षेच्या गुणपत्रिकेवर मी क्वचितच पाहिला आहे. एक उत्तर १९३२ च्या कागदावरचे, दुसरे त्यांच्या स्वतःच्या दीड पानाचे आणि तिसरे सर्नच्या प्रणालीचे. तिन्ही वाटा एकाच गावाला पोचल्या, म्हणून आता त्या गावाच्या असण्याविषयी खात्री बाळगायला हरकत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मोकळी विद्या म्हणजे बेवारस विद्या तर नव्हे? पगार कोणी द्यायचा, चुका कोणी दुरुस्त करायच्या? अशा पुष्कळ प्रणालींच्या मागे दोन-चार माणसेच उभी असतात. ती थकली, दुसऱ्या कामावर गेली, की प्रणाली पडीक पडते. सर्नसारखी संस्था पाठीशी असली तर बरे. नसली तर फुकट घेणारे हजार आणि राबणारा एक. सार्वजनिक विहिरीचे पाणी सगळे भरतात, गाळ काढायला मात्र कोणी येत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून मुक्तस्रोत वापरणे हा हक्क असला, तरी त्याच्याबरोबर एक कर्जही येते. चूक सापडली तर ती नीट लिहून कळविणे, सूचनापत्रातील संदिग्ध वाक्य सुधारणे, आपल्या जमिनीवर पेरून पाहून काय उगवले ते सांगणे, हे त्या कर्जाचे हप्ते आहेत. विंडोजवर शंभरपैकी शंभर रेणू आलेल्या त्या मुलीने असा एक हप्ता नकळत फेडला, असे मी मानतो.

दुसरा एक इशाराही दिला पाहिजे. लिखावट उघडी आहे म्हणून ती कोणी वाचलीच आहे, असे होत नाही. आणि संगणकाने सांगितले म्हणून ते खरे, असेही होत नाही. भिंतीतून किती वायू झिरपतो, हा आकडा आपणच भरतो. तो चुकीचा भरला तर लाख रेणू सोडूनही चुकीचेच उत्तर अधिक ठामपणे मिळेल. तो आकडा पोलादावर प्रत्यक्ष मोजूनच मिळवावा लागतो. 'बाबावाक्यं प्रमाणम्' ही वृत्ती घालविण्यासाठी आपण शास्त्राकडे वळलो. आता बाबाच्या जागी संगणक बसविला, तर आपण काय मिळविले?

न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्यामागची कल्पना, मला वाटते, हीच होती की ज्ञान कॉलेजच्या भिंतीआड न ठेवता चव्हाट्यावर मांडावे. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, ज्याला शंका आहे त्याने उठून विचारावी. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने 'वर्ल्ड वाइड वेब'ची लिखावट सर्वांसाठी खुली केली, तेव्हाही दुसरे काय केले? रानड्यांचे सभागृह आणि सर्नची ती लिखावट ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

औंढ्याच्या वेधशाळेच्या भुजा उभ्या राहतील, तेव्हा तेथे केवळ दूरदूरचे पंडित पुरणार नाहीत. जोड देणारे वेल्डर, गळती शोधणारे तंत्रज्ञ, पंपांवर रात्रपाळी करणारे, हिशेबाचे प्रोग्रॅम सांभाळणारे, अशी माणसे लागतील. ती पुसदची, उमरखेडची, दिग्रसची, दारव्ह्याची असतील का? की आपली पोरे कुंपणाबाहेर उभी राहून मोठ्या नळ्या पाहून परत येतील, शेंगदाणे खात? ज्या विद्येला किल्ली लावलेली आहे, तिच्याबद्दल तक्रार करता येते. जी विद्या मोकळी ठेवलेली आहे, आणि तरीही आपण घेतली नाही, तिच्याबद्दल तक्रार कोणाकडे करणार?

माझे सांगणे इतकेच. आपल्या गावच्या शाळेत, महाविद्यालयात, एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर तो झटकून घ्या. पोरांना व्यासाइतक्या लांबीची एक नळी द्या आणि विचारा, शंभरातले किती पार जातात? उत्तर चुकेल. चुकू द्या. ते का चुकले हे शोधण्याची वाट आता कोणी अडविलेली नाही.

 शंका असतील त्यांनी अवश्य विचाराव्यात.